उभं वल्हं

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीय, असं माझी आय म्हणते. कामही मिळालं ते तसंच, ड्रोन उडवायचं. उलव्यात टॉवरवर टॉवर उठत होते तेव्हा मी बिल्डरांसाठी हवेतून शूटिंग करायचे. अजून न बांधलेल्या बाराव्या मजल्यावरून खाडी कशी दिसेल, ते गिऱ्हाइकाला आधीच दाखवायचं. पुढे विमानतळ झाला, ड्रोनबंदीच्या नकाशावर आमचा सगळा भाग लाल झाला आणि माझं यंत्र कपाटात गेलं. विचुंब्याच्या आमच्या गच्चीवरूनसुद्धा ते उडवता येत नाही. शूटिंग असलं की गाडी काढायची आणि कोन गाव ओलांडून लांब कुठेतरी जायचं. मोह होत नाही असं नाही, पण लायसन्स माझ्या नावावर आहे आणि डोक्यावरून जाणारी विमानं काही खेळण्यातली नाहीत.

माझे वडील उरणकडच्या खाडीकाठचे, होडी घेऊन समुद्रात जाणारे. मी शिकले, ऑफिसवाल्या घरात लग्न करून आले आणि मनात ठरवून टाकलं की आता पाण्याशी संबंध नळापुरता. माझ्या मुलीने तो बेत मोडला. कर्जतकडे एका धरणाच्या तलावावर कयाक शिकवतात. तिथे ती कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर एकदा गेली, आणि मैत्रिणी यायच्या थांबल्या तरी ही जातच राहिली. कयाक म्हणजे अंगाला घट्ट बसणारी लांबट निमुळती होडी, आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. बुडायची सगळी सोय केलेली होडी, असं मी म्हणायचे. ती हसायची आणि ओले कपडे माझ्या धुतलेल्या फरशीवर टाकायची.

मग तिने शिबिराचं काढलं. दूर, दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या तलावावर कित्येक महिन्यांचं शिबिर होतं. निवडीसाठी वल्हवण्याचा व्हिडिओ पाठवायचा होता, आणि तोही वरून, बाजूने, पाठ आणि खांदे नीट दिसतील असा.

"आई, तूच काढ. बाहेरचा कुणी आणला तर तो ड्रोन डोक्यावर आणून घोंघावत बसेल," ती म्हणाली.

मला तिला पाठवायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण भांड्यांच्या आवाजावरून घरात सगळ्यांना कळलं होतं. नवरा नोकरीला पुण्यात, महिन्यातल्या एखाद्या रविवारपुरता नवरा. त्याने फोनवरच "जाऊ दे की गं तिला" म्हणून टाकलं. फोनवरून उदार व्हायला काय जातं? पण घरात ड्रोन असताना आईनेच व्हिडिओ काढायला नाही म्हणायचं, याला मला कारण सापडेना. व्हिडिओ काढला तर ती जाणार, नाही काढला तर मी तिची वैरीण.

शेवटी एका रविवारी निघालो. आय म्हणाली, मीपण येते. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. नात पाण्यात आणि आपण सोफ्यावर, हे तिला जमणारं नव्हतं.

पाण्यावर ड्रोन उडवायचा म्हणजे जमिनीवरची सवय विसरायची. फार खाली न्यायचा नाही, कारण लाटांच्या हलत्या चकाकीने त्याच्या पोटाखालचे सेन्सर गोंधळतात आणि तो हळूहळू पाण्यातच उतरायला बघतो. माणसाच्या डोक्यावर धरायचा नाही, बाजूने ठेवायचा. जाताना वारा पाठीवर असेल तर परत येताना तोच तोंडावर असतो, तेव्हा बॅटरी राखून ठेवायची. आणि मुख्य म्हणजे, उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर अडकलेले असतात, म्हणून शेजारी दुसरं कुणीतरी हवं, ज्याची नजर फक्त पाण्यावर असेल. त्या दिवशी ते काम आयला दिलं. धक्क्यावर खुर्ची टाकली, हातात छत्री दिली.

"फक्त तिच्याकडे बघ, आय. काय दिसतं ते सांगत राहा."

"आनि काय केलं मी जनमभर?" आय म्हणाली.

खुणा आम्ही आधीच ठरवल्या होत्या. मी, मुलगी आणि तिला शिकवणारे सर. ड्रोनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा लागतात. मुलीने वल्हं डोक्यावर उभं धरलं की समजायचं, अडचण आहे, ड्रोन बाजूला घ्या, बोट पाठवा. सरांची मोटरबोट काठाच्या वळणाआड उभी केली होती. शूटिंगमध्ये दिसू नये, हा माझाच हट्ट. त्यांना मुलगी दिसत नव्हती, पण माझ्याकडे वॉकीटॉकी होता. आय तेव्हा गाडीतून डबे उतरवत होती. तिला खुणा सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खरं तर मला वाटलं, हिला पाण्याचं काय सांगायचं?

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. मी पडद्यात बघत होते आणि माझी मुलगी मला ओळखू येत नव्हती. घरात चप्पल जागेवर न ठेवणारी ही पोर पाण्यात एक हालचाल वाया घालवत नव्हती. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी कळलं, असा व्हिडिओ पाहून कुणी तिला नाही म्हणणार नव्हतं.

तिसऱ्या फेरीसाठी ती पलीकडे वळली. मी ड्रोन पुढे, डोंगराच्या बाजूला नेला, म्हणजे ती समोरून येताना मिळेल. तेवढा वेळ कॅमेऱ्यात नुसतं पाणी होतं.

"आय, कशी आहे ती?"

"बरी हाय. येते आता."

मी निवांत कॅमेऱ्याचा कोन बसवत राहिले. ती येईना. वारा वाढला होता, धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटायला लागल्या.

"आय?"

"बरी हाय, सांगते ना. वल्लं उबं केलंय तिनं. मगापासून उबंच हाय."

ड्रोन वळवला तेव्हा पडद्यावर कयाकचं पोट वर होतं. शेजारी लाइफ जॅकेटचा केशरी ठिपका, आणि दोन्हींच्या बाजूने पाण्यात ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या. कुणीतरी मासे धरायला जाळं लावलं होतं. कयाकचं मागचं सुकाणू त्यात अडकलं, वाऱ्याने होडी आडवी केली आणि उलटली. पोर एका हाताने कयाकला धरून होती, दुसऱ्या हाताने वल्हं उभं धरलं होतं, धक्क्यावरून लाटांत तेवढंच दिसत होतं, पण तिचा एक पाय हलत नव्हता.

सरांना वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं. त्यांची बोट वळणाआडून सुटली ती सरळ जाळ्याच्या दिशेनेच. बाटल्या त्यांना लाटांत दिसत नव्हत्या, मला वरून दिसत होत्या. इंजिनच्या पंख्यात जाळं गेलं असतं तर तेही तिथेच अडकले असते. "डावीकडून घ्या, सर, अजून डावीकडे, आता थांबा, इंजिन बंद करा." हातातला रिमोट बॅटरी संपत आल्याचं पिरपिरत सांगत होता, ड्रोन आपोआप परत यायला बघत होता, आणि मी दर वेळी त्याचं परतणं रद्द करत होते. मनातून त्याला तिच्या अगदी जवळ न्यावं, तिचा चेहरा बघावा असं होत होतं. नेला नाही. ड्रोनच्या पात्यांखाली पाण्यातलं माणूस घ्यायचं नाही, एवढं एकच वाक्य मी स्वतःशी घोकत होते.

सरांनी चाकूने दोरे कापले आणि तिला बोटीत ओढलं. मग मी ड्रोन समोरच्या काठावर, जवळात जवळ दिसलेल्या चिखलात उतरवला आणि खाली बसले.

ती धक्क्यावर आली तेव्हा घोट्यावर जाळ्याचे लाल वळ होते. आयने पदराने तिचं डोकं पुसायला घेतलं. आणि मी, लेक जिवंत समोर उभी असताना, माझ्या म्हाताऱ्या आईवर तुटून पडले.

"बरी आहे म्हणालीस! तिने वल्हं उभं केलं होतं ते दिसत होतं तुला, आणि बरी आहे म्हणालीस!"

आय डोकं पुसत राहिली. मग म्हणाली, "तुजा बा वल्लं उबं करायचा तवा बराच असायचा."

तेव्हा कुठे मला आठवलं. वडिलांची होडी खाडीच्या तोंडाशी आली की ते वल्हं उभं धरायचे, मोठी यांत्रिक होडी आली तरी त्यांनी एक जुनं वल्हं त्यासाठी जवळ ठेवलं होतं. आम्ही भावंडं काठावर नाचायचो. आय नाचायची नाही. ती वल्हं बघायची आणि भात टाकायला घरात वळायची. गावात दुसरं कुणी असं करायचं नाही, ती आमच्याच घरची रीत होती. माझ्याच बापाची खूण मी संकटाची म्हणून ठरवली होती आणि मला त्याची आठवणही नव्हती.

"एकदा हात मोडला व्हता त्याचा," आय नातीला सांगत होती. "मोडल्या हातानं वल्लं उबं केलं."

"मग संकट आलं तर काय खूण करायचे आजोबा?" मुलीने विचारलं.

"संकटाला खून कशाला? वल्लं दिसलं नाय की संकट."

सरांनी समोरच्या काठावरून ड्रोन आणून दिला आणि आम्ही घरी निघालो.

पुढचे दिवस मी ड्रोनमधला चिखल काढण्यात घालवले. आधी ब्रशने, मग कापसाच्या काडीने, मग तो स्वच्छ झाल्यावरही. दोन फेऱ्यांचा व्हिडिओ हातात होता आणि पाठवायला पुरेसा होता. मी तो पाठवत नव्हते. शेवटची तारीख जवळ येत होती आणि मुलगी मला आठवण करत नव्हती, हे तर त्याहून वाईट. भांडली असती तर मी भांडले असते. एका संध्याकाळी ती नुसती माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मला परत एकदा जायचंय. तिसरी फेरी राहिली."

"नसली तरी चालेल."

"मला नाही चालणार. ती राहिली तर मी पाण्याला घाबरेन."

तिला घाबरू द्यावं, असं मला मनापासून वाटलं. घाबरली की घरी राहील. आतल्या खोलीतून आय म्हणाली, "पोरीला नेतेस का मी रिक्षा करू?" कर्जतपर्यंत रिक्षा करायला तिने कमी केलं नसतं.

गेलो. या वेळी आधी मोटरबोटीतून सगळा तलाव फिरून जाळी बघितली. सरांची बोट समोर उघड्यावर ठेवली, दिसली तर दिसली. आणि सगळ्यांना एकत्र बसवून खुणा ठरवल्या, बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तशा. मुलगी म्हणाली की अडचण असली तर वल्हं आडवं धरून हलवायचं. उभं वल्हं आजीचं. आजीला आता नवीन शिकवत बसायचं नाही.

तिसरी फेरी झाली. फेरीच्या शेवटी तिने वल्हं उभं धरलं. आय छत्री मिटून डबे भरायला लागली. तो व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी पाठवला, आणि पाठवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले.

तिची निवड झाली. आता घरात तिच्या चपला कुणाच्या पायात येत नाहीत. दर रविवारी तिथून सरावाची क्लिप येते. त्यांचा ड्रोनवाला फार जवळ घेतो, एकदा कुणाचा हात पात्यांना लागला ना म्हणजे कळेल त्याला, असं मी दर वेळी बडबडते. क्लिपच्या शेवटी, बाकीच्या होड्या वळून निघालेल्या असताना, एक होडी थांबते आणि वल्हं उभं राहतं. तिथे ते कशासाठी, कुणाला ठाऊक नाही. आय फोन माझ्या हातात परत देते आणि भात टाकायला जाते.

मागच्या रविवारी क्लिप आली नाही. मी फोन केला, लागला नाही. मी कपाट आवरलं, मग पुन्हा तेच कपाट आवरलं. दुपार टळली तेव्हा बाल्कनीत गेले, तर आय तिथे आधीच उभी होती. समोर नवीन इमारती आणि त्यांच्या मागे अजून नवीन इमारती.

"इथून काय पाणी दिसतंय का, आय? कशाला उभी आहेस?"

"तू कशाला आलीस?"

दोघी कठड्याला धरून इमारतींकडे बघत राहिलो. आत फोन वाजला तेव्हा एकदमच वळलो आणि दारात एकमेकींवर आपटलो. वाऱ्यामुळे सराव उशिरा झाला, असं तिने लिहिलं होतं, आणि खाली क्लिप होती. मी ती सुरुवातीपासून बघितलीच नाही, सरळ शेवटाला नेली.

वल्हं उभं होतं.