बाबा, बोर्डाचं बटन आणि माझी पत्रिका

मंडळी, आज दुपारी मी बाबांवर ओरडलो होतो. आता हसू येऊन राहिलं.

मी लग्नपत्रिका डिझाइन करतो. कामठीच्या एका लग्नाची पत्रिका सेव्ह न करताच, कॉम्प्युटर स्लीपवर टाकून जेवायला उठलो. स्लीपमध्ये असताना वीज तोडली की न सेव्ह केलेलं सगळं जातं.

आणि आमच्या बाबांना घरात एक दिवा लुकलुकलेला खपत नाही. टीव्ही, चार्जर, जे दिसेल ते बोर्डावरून बंद! परत आलो तर कॉम्प्युटरचंही बटन बंद.

"बाबा, पत्रिका गेली ना माझी!"

"काहून ओरडून राहिला बे? चालू तं कर."

चालू केला. पत्रिका जशीच्या तशी, कर्सर नवरीच्या मामाच्या नावावर.

"मी आधी हायबरनेट केलं, मंग बटन बंद केलं," बाबा म्हणाले. "काम डिस्कवर राहते अन् वीजही लागत नाही. महिनाभर रोज करतो. आज फक्त तू यायच्या आधी बटन परत चालू कराचं राहिलं."

महिनाभर! आणि मी रोज कुरकुरत होतो, जेवणानंतर हा कॉम्प्युटर इतका हळू काहून उठते म्हणून.

तुमच्या घरी कोण काय गुपचूप सांभाळून राहिलं आहे, कधी विचारलं का?