भोपळा बांधणारे आबा

आमचे आबा, म्हणजे माझे वडील गहिनीनाथ, हिवाळाभर ऊस तोडतात आणि पाडव्याला गावी परतले की पोरांना विहिरीत पोहायला शिकवतात. कंबरेला वाळका भोपळा बांधायचा, दोरी आपल्या मुठीत धरायची आणि पोरगं काही विचारायच्या आत ढकलून द्यायचं.

"प्यालास का पानी? लई ब्येस! आता हात मार!"

निम्मं गाव त्यांनी असंच तरंगवलंय. मलाही.

परवा मी सुट्टीला गावी आले होते. आमच्याकडे विहिरीवरच रेंज येते, म्हणून कठड्यावर बसून पुण्याच्या ऑफिसातल्या मंजुषाशी व्हिडिओ कॉल चालला होता. आम्हाला श्रीलंकेत जायचं होतं, लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकायला. दोन सर्फ कॅम्पांतला एक ठरवायचा राहिला होता.

"पहिल्यात कमरेएवढं पाणी, अगदीच बाळबोध," मंजुषा म्हणाली. "दुसरा भारी आहे, पण पोहता आलंच पाहिजे. तुला येतं ना? कुठं शिकलीस?"

"क्लबात. कोच होते आम्हाला."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. कॉलेजात चार वर्षं नाटकं केलीत मी.

तेवढ्यात ओल्या अंगानं, खांद्यावर दोन भोपळे टाकून आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हे कोण गं?"

"शेतावरचा गडी."

आबा थबकले. आता बोलतील, असं वाटलं. त्यांनी भोपळे हळूच खाली ठेवले, मान झुकवली आणि मोबाईलकडे बघून हात जोडले, मग मला म्हणाले,

"ताईसाहेब, उन्हात बसलात. प्यायला पानी आनू का?"

"किती गोड आहे गं हा!" मंजुषा म्हणाली.

चार वर्षांत एकही भूमिका मला आबांइतकी चोख जमली नव्हती.

रात्री ताटावर मी नुसतंच "आबा..." म्हणाले.

"आगं, तुजी पत राहिली, बास झालं. भाकर खा."



दुसऱ्या दिवशी विहिरीवर असतानाच मंजुषाचा फोन आला. "दुसराच कॅम्प घेऊ. फॉर्मात विचारलंय, पोहायला कुणी शिकवलं. कोचचं नाव सांग पटकन."

आबा दोन हातांवर एका पोरीला भोपळा बांधत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. खालच्या आवाजात म्हणाले, "सांग की एखांद्या सराचं."

"गहिनीनाथ," मी म्हणाले.

"आडनाव?"

"माझंच."

मग मंजुषा अगदी हळू, "म्हणजे काल ते..."

"हो. वडील माझे."

आबांनी वर पाहिलं नाही. भोपळ्याची चांगली बसलेली गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.