पिळलेल्या दोन वायरी

माझ्या मुलाला जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळीत सगळे 'मुका' म्हणतात. तो मुका नाही, पण दिवसभरात त्याच्या तोंडून पाच वाक्यं बाहेर पडली तर कामगार एकमेकांकडे बघतात. लहानपणी तो बडबड्या होता. त्याच्या बाबांचं नाव गेलं, त्या वर्षी त्याचं बोलणं आटलं.

ह्यांचं, म्हणजे त्याच्या बाबांचं, नाव कसं गेलं ते आधी सांगते. त्यांचं गॅरेज भागीदारीत होतं. हात यांचा, तोंड भागीदाराचं. त्या वेळी छापखानेवाले म्हणून एक गिऱ्हाईक होतं, त्यांच्या जुन्या गाडीत बाबांनी ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवला होता. ओव्हरड्राइव्ह म्हणजे शेवटच्या गिअरच्याही पुढची एक पायरी. बटण दाबलं की गाडी तेवढीच पळते, पण इंजिन धापा टाकायचं थांबतं. त्याला एकच पथ्य असतं. तो चालू ठेवून गाडी मागे घ्यायची नाही. घेतली की आतले भाग एकमेकांना उलटे ओढतात आणि फुटतात. म्हणून गिअरबॉक्सच्या झाकणावर एक छोटा स्विच असतो. वरचे गिअर सोडून दुसरं काहीही टाकलं की तो ओव्हरड्राइव्हची वीज तोडतो.

छापखानेवाल्यांची गाडी भागीदाराने मिरवायला नेली आणि परत आल्यावर मागे घेताना बॉक्स फुटला. उघडून पाहिलं तर स्विचच्या दोन्ही वायरी स्विचला नव्हत्याच. एकमेकींना पिळून जोडलेल्या होत्या, म्हणजे वीज कधी तुटणारच नव्हती. भागीदार चार लोकांत म्हणाला, "ह्यानेच स्विच लावायचा कंटाळा केला. मी काय करू?" बाबा शपथेवर सांगत राहिले, की मी स्विच लावला होता. पण बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. बाबांची गिऱ्हाइकं गेली, मग भागीदाराने गॅरेजही एकट्याकडे घेतलं. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करत करत संपले. गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मुलाने दुसऱ्याकडे काम शिकून स्वतःची शेड उभी केली. आणि या वर्षी एके सकाळी त्या शेडसमोर भागीदाराची दोन सीटची जुनी गाडी येऊन उभी राहिली.

मी तेव्हा डबा द्यायला गेले होते. भागीदार आता गॅरेज विकून बडा गृहस्थ झालाय, जुन्या गाड्यांच्या मंडळात मिरवतो. मला पाहून म्हणाला, "अरे, वहिनी! बऱ्या आहात ना? मुलगा बापावर गेला हो, हातात कसब आहे. फक्त बापासारखा कंटाळा करू नको रे बाबा!" आणि स्वतःच हसला.

त्याला लाज वाटत नव्हती, कारण त्याच्या लेखी लाजण्यासारखं काही घडलंच नव्हतं. माझ्या हातातला डबा त्याच्या डोक्यात घालायचा राहिला, एवढंच.

मुलाने विचारलं, "काय काम आहे, काका?"

"लांबच्या रस्त्यावर फार ओरडते ही. ओव्हरड्राइव्ह बसवून दे. तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही म्हणतात."

"ठेवून जा," मुलगा म्हणाला.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेना. भागीदाराचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. पण ते माझ्या मुलाच्या हातून, रस्त्यावर, रक्ताने नको होतं. एक नट सैल ठेवला तर कोणाला कळणार होतं? जेवताना मी विचारलंच.

"ब्रेकला हात लावणार आहेस का तू?"

"लावणार आहे," तो म्हणाला. मी घास ताटात परत ठेवला. त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "नवीन करणार आहे चारी चाकांचे. त्याला जिवंत ठेवायचाय, आई. मेलेला माणूस कबूल करत नाही."

तरी मी रोज डब्याच्या निमित्ताने जाऊन शेडमध्ये बसायची. त्याने भंगारातून त्याच कंपनीच्या चार दारांच्या घरगुती मॉडेलचा ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स आणला. तो मूळ बॉक्सपेक्षा वीतभर लांब. वधू एका घरची आणि दागिने दुसऱ्या घरचे, तसला प्रकार. मागच्या चाकांकडे जाणारा मधला दांडा कापून आखूड करावा लागला, मग तो फिरताना थरथरू नये म्हणून तोलून आणला. बॉक्सला खालून पेलणारा आडवा पाट मागे सरकवला, त्याला नवीन भोकं पाडली. दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा आतून ठोकून फुगवला. बॉक्स तीनदा चढवला आणि तीनदा उतरवला, कारण एका कोपऱ्यात बोटभर जागा कमी पडत होती. वेगाचा काटा खोटं दाखवायला लागला, तेव्हा त्याची दातेरी चाकी बदलली. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी कौतुकाने पाहिलं असतं. इथे मी फक्त नट मोजत होते.

शेवटी त्याने झाकणावरचा स्विच लावला, दोन्ही वायरी जोडल्या आणि मला हाक मारली. "बघ आई. नीट बघ. लावलाय ना?"

"लावलाय," मी म्हणाले.

त्याने प्रत्येक कामगाराला बोलावून तेच दाखवलं. आणि गाडी न्यायला भागीदाराला सुट्टीच्या सकाळी बोलावलं. सुट्टीच्या सकाळी गाड्यांची सगळी मंडळी शेडमध्ये चहाला जमते. त्यात छापखानेवालेही असतात, आता काठी टेकत येतात.

भागीदार आला, चहा घेत ऐटीत उभा राहिला. मुलाने सांगितलं, "वरच्या दोन गिअरमध्येच लागेल. आणि स्विच असला, तरी मागे घेण्याआधी बटण बंद करा."

"दोनच? अरे, मला सगळ्यांत पाहिजे. पहिल्या गिअरपासून सटासट! तो स्विच काढ आणि वायरी जोडून टाक."

"ते चुकीचं आहे, काका."

"तुझा बापही हेच रडगाणं गायचा. त्याच्या नादी कोण लागणार? शेवटी मीच जोडल्या होत्या, दोन मिनिटांत! काय पळाली होती ती गाडी!"

चहाचे पेले थांबले. छापखानेवाल्यांनी विचारलं, "कोणती गाडी?"

आपण काय बोलून गेलो ते भागीदाराच्या तेव्हा लक्षात आलं. "अहो, किती जुनी गोष्ट..."

"माझी?"

"सोडा हो, आता काय त्याचं!"

मुलाने खिशातून पक्कड काढून त्याच्यापुढे धरली. "मग आताही तुम्हीच जोडा, काका. तुमच्या हाताला सवय आहे."

एवढ्या लोकांत माघार घेणारा तो नव्हेच. जित्याची खोड. "भितो की काय मी?" म्हणत त्याने गाडीतला गालिचा उचलला, उंचवट्यावरचा पत्रा काढला, दोन वायरी स्विचवरून ओढल्या आणि पिळल्या. मुलगा पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मागे घेण्याआधी बटण बंद."

"मला शिकवतोस?"

गाडी सुसाट गेली. वळसा घालून परत आली, फाटकातून आत शिरली. बाकीच्या गाड्यांच्या रांगेत ऐटीत उभी करायची म्हणून त्याने ती मागे घेतली. खिळ्यांनी भरलेला डबा जिन्यावरून सोडावा तसा आवाज झाला. मग तेल ठिबकायला लागलं.

 माझ्या जिवाला गार वाटलं, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांनी गार वाटलं.

छापखानेवाले काठी टेकत गाडीपाशी गेले, वाकून बटणाकडे पाहिलं. ते चालूच होतं. "ह्या वायरी कोणी जोडल्या?" त्यांनी विचारलं.

"मी," भागीदार पुटपुटला.

"आणि माझ्या गाडीच्या? मोठ्याने बोल. ह्या पोराच्या बापाचं नाव मी मोठ्याने घालवलं होतं, घरोघरी जाऊन."

"मीच."

छापखानेवाले माझ्याकडे वळले. त्यांनी काठी बगलेत धरून हात जोडले. मी जोडले नाहीत. त्यांनाही थोडं पोळू दे म्हटलं.

भागीदार घाम पुसत मुलाला म्हणाला, "बरं, झालं ते झालं. आत घे गाडी. दुसरा बॉक्स शोध."

"नाही."

"अरे, पण दुसऱ्या कोणाला जमत नाही हे!"

"होते एक," मुलगा म्हणाला. "ते गेले, पंप दुरुस्त करत."

मग त्याने हात पुसले आणि चहा घ्यायला बसला. मंडळीतलं कोणीही पुढे झालं नाही. भागीदार एकटाच गाडीला खांदा लावून ढकलू लागला. चाकं अडकत अडकत फिरत होती. फाटकाचं एक दार वाऱ्याने मिटत होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, जरा हात लावता का?"

मी उठले, फाटकापाशी गेले आणि ते दार पूर्ण उघडून धरलं. दोन्ही हातांनी, तो पार बाहेर जाईपर्यंत.