डाव्या हाताने जोडलेला सांधा

अंबादास पगारेचे वडील नांदगावच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा टाकून ते रोज आपल्या वाट्याचा रूळ तपासत चालायचे. अंबादास मुंबईला आला, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर झाला, घाटकोपरला पंतनगरात घर मिळालं, शकुशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. रुळांशी संबंध तसा संपलाच होता. तो पुन्हा जुळला चाळिशीत, आणि तोही तळहातावर मावणाऱ्या गाडीमुळं.

त्याचं असं झालं. गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षी कॉलनीच्या गणपतीसमोर कोकणचा देखावा केला होता. करणारा गुणाजी राऊळ, सावंतवाडीकडचा. संपात त्याची नोकरी गेली होती आणि आता तो सुतारकाम करायचा. कागदाच्या लगद्याचा डोंगर, काथ्याचे माड, आणि डोंगराखालून फिरणारी विजेवरची चिमुकली आगगाडी. कोकणात तेव्हा रेल्वे कुठली? पण गुणाजीचं म्हणणं, निदान देवापुढं तरी असू दे.

गाडी चंद्रप्रकाश तिरोडकरची होती. हा गुणाजीच्या ओळखीचा, बोरिवलीला राहणारा, बँकेत नोकरीला. त्याचा मामा बोटीवर होता आणि येताना परदेशातून अशी हुबेहूब इंजिनं आणायचा. चंद्रप्रकाश ती लोकरीत गुंडाळून जेवणाच्या डब्यातून घेऊन फिरायचा. देखाव्यातली गाडी मात्र दर फेरीला एकाच वळणावर कलंडत होती. अंबादास आरतीला म्हणून काही गेला नव्हता, दूध घेऊन घरी चालला होता. तो थांबला, वाकला आणि त्या वळणाला हात लावू का म्हणून विचारता झाला. त्याचा पहिला इलाज चुकला. दुसराही चुकला. दूध नासलं, शकु शोधत आली, तेव्हा तिघं पुरुष मांडवात पालथे पडून एका रुळाकडं बघत होते. विसर्जनापर्यंत गाडी सरळ चालायला लागली आणि तिघांची दोस्ती पक्की झाली.

चौथी आली नलिनी कुबल. घाटकोपरच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. देखाव्याचा पडदा तिनंच रंगवला होता. तिनं मुख्याध्यापिकेला पटवून रविवारी चित्रकलेचा वर्ग मिळवला. मग ठरलं की प्रत्येकानं प्लायवूडची एकेक फळी करायची, सगळ्या फळ्या नटबोल्टनं जोडायच्या, आणि त्यांवर एक अख्खं स्टेशन उभं करायचं. स्टेशनाच्या नावावरून महिनाभर भांडण झालं. शेवटी नलिनीनं कुणालाच न विचारता पिवळ्या पाटीवर ‘आंबेघर’ असं लिहून टाकलं.

गुणाजी घरं, पूल आणि डोंगर करी. नलिनी रंग देई. चंद्रप्रकाश गाड्या आणि विजेचं बघे. रूळ अंबादासचे. बाजारात तयार रूळ मिळायचे ते परदेशी आणि आवाक्याबाहेरचे. म्हणून तो तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्टीतून रुळांखाली आडवे टाकायचे काडीएवढे स्लीपर कापी, त्यांवर पितळेच्या बारीक पट्ट्या उभ्या धरून कथलाचा डाग देत सोल्डर करी आणि कानस मारून एकसारख्या करी. दोन रुळांत अंतर अंगठ्याच्या रुंदीएवढं. त्यात केसाचा फरक पडला की गाडी उतरलीच. ज्याच्या फळीवर गाडी उतरेल त्यानं सगळ्यांसाठी कोपऱ्यावरून वडे आणायचे, असा नियम होता. वडे बहुतेक वेळा चंद्रप्रकाशच आणायचा, कारण तो गाडी फार दामटायचा.

पंच्याऐंशी साली, दिवाळी होऊन गेल्यावर, कारखान्यात मशीनपाशी उभ्या उभ्या अंबादासच्या हातातला पाना गळून पडला. तो उचलायला वाकला तो तिथंच बसला. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, वाचाही परत आली, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चेंडू दाबून दाबून मऊ पडला, हात काही वळला नाही.

तेव्हा अंबादासनं ठरवलं की हा हात गेला, आता दुसरा शिकवायचा. डाव्या हातानं तो आधी जेवायला शिकला, मग सही करायला. पावसाळा सरता सरता त्यानं सोल्डरिंगचं सामान माळ्यावरून खाली काढायला लावलं. स्टेशनातला मुख्य सांधा अजून बसायचा होता. सांधा म्हणजे एका रुळावरची गाडी जिथून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा. सगळ्यात अवघड काम ते. तो स्वतःच करणार, असं त्यानं मित्रांना सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही.

दर रविवारी तो घरी केलेला एखादा तुकडा शाळेत घेऊन जाई आणि फळीवर बसवून येई. पुढच्या रविवारी गाडी त्यावरून सुळकन निघून जाई. चंद्रप्रकाश पाठ थोपटी, गुणाजी मान डोलावी. अंबादासला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं, आणि मग मनात काहीतरी खुपायला लागलं. इतक्या दिवसांत त्याच्यावर वडे आणायची पाळी एकदाही आली नव्हती. धड दोन हात होते तेव्हासुद्धा असं कधी झालं नव्हतं.

एका रविवारी तो मुद्दाम लवकर गेला. शिपायानं वर्ग उघडून दिला. अंबादासनं खिडकी उघडली आणि फळीवर वाकून रुळांवर नजर धरली. सोल्डरचा डाग अक्षरासारखा असतो, ज्याचा त्याला ओळखू येतो. डाव्या हातानं दिलेले त्याचे डाग जाडे, एका बाजूला ओघळलेले पडायचे. इथले सगळे डाग गोल, चकचकीत आणि मापात होते. त्याचा बहुधा एकही स्लीपर जागेवर राहिला नव्हता.

बाकीचे आले तेव्हा तो बाकावर बसून होता. त्यानं फळीकडं बोट केलं आणि विचारलं, "गुणाजी, हे तू केलंस?"

गुणाजीनं हातातली पिशवी खाली ठेवली. खोटं बोलणं त्याला जमत नसे. "माका वाटला, तुका कळाचा नाय," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी शाळा सुटल्यावर नलिनी वर्ग उघडा ठेवायची, गुणाजी येऊन अंबादासचा तुकडा उपसून नवा बसवायचा, चंद्रप्रकाश इंजिन घालून तपासायचा. कितीतरी शनिवार असं चाललं होतं. नलिनी म्हणाली की तुमचं मन मोडू नये एवढंच मनात होतं. ते खरंही होतं. अंबादासनं आवाज चढवला नाही. "माझी गाडी पडली असती तर मी वडे आणले असते," तो म्हणाला. "तुम्ही मला पडूच दिलं नाही." त्यानं डाव्या हातानंच बोल्ट सोडवले. मदतीला पुढं आलेल्या चंद्रप्रकाशला बाजूला सारलं आणि फळी रिक्षात घालून घरी नेली.

त्यानंतर तो शाळेकडं फिरकला नाही. गुणाजी दोनदा दारावर येऊन गेला, पण अंबादास पडल्या पडल्या झोपेचं सोंग घेऊन राहिला. तिसऱ्या खेपेला शकुनं गुणाजीला चहा दिला, परत पाठवलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून आलेली, त्यामुळं लांबण लावायची तिला सवय नव्हती.

"त्यांनी चोरून केलं ते वाईटच," ती म्हणाली. "पण चोरी काय त्यांची एकट्यांची आहे? तुम्ही दार लावून काम करता. हात थरथरतो, चिमटा पडतो, तुम्ही रडता, ते मी बघते. त्यांना कधी बघू दिलंत? त्यांच्यापुढं जाता ते तयार तुकडा घेऊन. मग ते तरी काय करणार?"

अंबादासला राग आला. दोन दिवस तो शकुशी तुटकच वागला. पण स्टोअरमध्ये बसल्या बसल्या तिचे शब्द पुन्हा पुन्हा मनात यायचे, आणि ते खोटे आहेत असं त्याला म्हणता येईना. हात गेला हे त्यानं मानलं होतं. हात गेलेला कुणाला दिसू द्यायचा, हे मात्र मानलं नव्हतं. शनिवारी त्यानं थोरल्या मुलीकरवी गुणाजीला निरोप धाडला की उद्या सगळ्यांनी घरी या, आणि शाळेत नाही, इथंच बसायचं.

तिघं आले आणि अवघडून कॉटवर बसले. अंबादासनं जमिनीवर फळी मांडली, सोल्डरिंगची सुई तापत ठेवली आणि त्यांच्यादेखत काम सुरू केलं. पितळेची पट्टी धरावी तर सुई कशानं धरायची? त्यानं पट्टीवर पाय ठेवून पाहिलं. पट्टी निसटली. चिमटा दातात धरला, लाळ गळली. एक स्लीपर चिकटला तो तिरका. नलिनी खिडकीबाहेर बघायला लागली. चंद्रप्रकाश उठायला गेला, तर गुणाजीनं त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला बसवलं.

बऱ्याच वेळानं अंबादासनं सुई खाली ठेवली. कपाळाला घाम होता. "गुणाजी," तो म्हणाला, "मला दुसरा हात पाहिजे. तुझा नको, लाकडाचा कर."

गुणाजीनं मग प्रश्नच विचारले. पट्टी किती उंच, सुई कुठून येते, कोपर कुठं टेकतो. पुढच्या आठवड्यात तो सागाचा एक ठोकळा घेऊन आला. ठोकळ्यात दोन खाचा होत्या, रूळ त्यांत उभे बसायचे, आणि वरून एक पाचर ठोकली की हलायचे नाहीत. पहिल्या ठोकळ्यात पट्टी सैल बसली, दुसरा उष्णतेनं करपला. तिसरा जमला. ठोकळा रूळ धरी, अंबादास डाव्या हातानं डाग देई. नलिनीनं कोपर टेकायला वाळूची पिशवी शिवून आणली. चंद्रप्रकाशकडं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो बडबड करायचा आणि शकुच्या हातचं थालीपीठ खायचा.

सांधा पुरा व्हायला हिवाळा उजाडला. शाळेच्या स्नेहसंमेलनात आंबेघर मांडायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी फळी जागेवर बसली आणि चंद्रप्रकाशनं गाडी सोडली. सांध्यावर येताच इंजिन उडालं आणि आडवं झालं. अंबादास उठला आणि पाय ओढत कोपऱ्यावरून वडे घेऊन आला. चौघांनी खाल्ले. हात पुसून तो पुन्हा कानस घेऊन बसला. एका रुळाचं टोक थोडं बाहेर आलं होतं. ते घासलं, तर दुसरा डबा उतरला. मग दोन्ही रुळांमधलं अंतर सैल असल्याचं कळलं. दोन डाग पुन्हा वितळवावे लागले. गुणाजी शेजारी उकिडवा बसून होता. आता हात पुढं करू नये हे त्याला कळलं होतं. अंबादासनं मागितली तेव्हा त्यानं पाचर दिली, मागितला तेव्हा दिवा धरला.

अंधार पडायच्या सुमारास गाडी हळू सोडली तेव्हा सांध्यावर एक हिसका बसला, डबे हलले, पण सगळी गाडी वळून फलाटाला लागली. पुन्हा सोडली, पुन्हा लागली. चंद्रप्रकाशनं वेग वाढवून बघू का विचारलं. तिघांनी एकदम नको म्हटलं.

संमेलनाला गर्दी झाली. मुलांचे आईबाप पिवळी पाटी वाचून हे आंबेघर कुठं आलं असं विचारत होते, आणि नलिनी दर वेळी वेगळा तालुका सांगत होती. शकु मुलींना घेऊन आली. गाडी सांध्यावरून गेली तेव्हा बसलेला हिसका तिनं बरोबर पाहिला. तो असाच राहणार का, असं तिनं नवऱ्याला विचारलं. अंबादास म्हणाला, "राहू दे. माझाच आहे तो."

जानेवारीत नव्या फळीचा विषय निघाला. गुणाजीचं मत, आता साधा सरळ रूळ टाकावा, तू दमलायस. अंबादासनं कागद पुढं ओढला आणि डाव्या हातानं रेघ ओढली. ती सरळ नव्हती. स्टेशनाबाहेर पडून गुणाजीच्या डोंगराला वळसा घालणारं ते वळण होतं आणि वळणातच एक सांधा होता. चंद्रप्रकाश म्हणाला की हा तर आधीच्यापेक्षा कठीण आहे, यार. अंबादासनं मान हलवली आणि गुणाजीला विचारलं, की वाकडा रूळ धरणारा ठोकळा कधीपर्यंत करशील.