विहिरीकडची वांगी

माझे वडील गेणूतात्या सणसरच्या आसपास विषमुक्त शेतीवर भाषणं देतात. माईक हातात आला की थांबत नाहीत. "जे आपल्या ताटात वाढणार न्हाय, ते दुसऱ्याला खाऊ घालू नगा," म्हणतात आणि लोक माना डोलावतात. मीही डोलावायची. सत्काराच्या शालींनी आमचं कपाट भरलंय.

आमच्या विहिरीकडे वांग्याचे चार वाफे, ते घरच्यासाठी. त्यांवर कधी फवारणी नाही. बाकी सगळं रान बाजाराचं. तिथं तोडणीच्या आदल्या दिवशीसुद्धा औषध मारतात. "बाजाराला चकचकीत माल लागतो. मी एकट्यानं सोवळं पाळून काय व्हणार?" हेही तात्याच म्हणतात, पण घरात. लाज वाटावी असं त्यात काही आहे, हे आम्हाला कधी सुचलंच नाही. मीच रोज दोन्हीकडची वांगी वेगवेगळी तोडत होते.

राजमहंमदचाचा तात्यांचे शाळेपासूनचे मित्र, आईचे राजूभावजी. बारामतीच्या मंडईत त्यांचा गाळा. "गेणूरावचा माल हाय, डोळं झाकून न्या," असं ते गिऱ्हाइकाला पंधरा वर्षं सांगत आले.

गेल्या उन्हाळ्यात चाचा टेम्पो घेऊन आले. मेहबूबबीचाची नुकत्याच आजारातून उठल्या होत्या, त्यांना भरलं वांगं खावंसं वाटत होतं. चाचांनी भरलेल्या क्रेटमधली चार वांगी निवडून पिशवीत टाकली. मी मायेनंच म्हणाले, "चाचा, ती नका घेऊ, ती बाजाराची हायत. चाचींसाठी विहिरीकडची देते."

चाचांनी एकेक वांगं परत क्रेटमध्ये ठेवलं. तात्या खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिले.

"गेणूराव, आमच्या घरात पंधरा वर्षं हीच शिजत्यात," चाचा म्हणाले. "निदान मला तरी सांगायचं हुतं."

चाचा रिकामा टेम्पो घेऊन गेले. विहिरीकडची वांगी मी ओच्यात घेऊन उभी होते, तीही त्यांनी घेतली नाहीत.

मला वाटलं, आता तात्या मागून धावतील, हात धरतील, चुकलो म्हणतील. त्या एका शब्दासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. तात्यांनी दोरीला गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"वृषाली, तुला मधी तोंड घालायची काय गरज हुती?"

मी तिथंच बांधावर बसून रडले. आई आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राजूभावजी येतील गं परत, नगं रडू."

चाचांसाठी मी रडतच नव्हते.