धुऱ्यावरची वावटळ

“एकाबी रोह्यानं माह्या हरभऱ्याले तोंड लावलं ना बाई, तं हे तुहं सारं चुलीत घालतो! आयकू येते का वर?”

आवाज शेताच्या मालकिणीचा, द्वारकाबाईंचा. वाशीमकडच्या मालेगावात बसमधून उतरून मी एका मोटारसायकलवर मागे बसलो होतो. किन्हीराजा अजून लांब होतं, पण हा आवाज ऐकून गाडीनं आपणहून गिअर बदलला. शिवारात पोचलो तर धुऱ्यावर (बांधावर) दोन मजली वावटळ उभी! सगळी पऱ्हाटीची (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांची), गरगर पिळून आभाळात चढवलेली. आणि तिच्या टोकाशी, शिडीवर, दातांत सुतळी धरून माझी जुनी मैत्रीण सुलभा.

सुलभा शिल्पकार. जिथलं शिल्प तिथंच करायचं, तिथल्याच वस्तूंतून, हा तिचा बाणा. त्यामुळे ते विकता येत नाही, उचलता येत नाही आणि तिचं नशीब बघता टिकतही नाही. कोकणात पुळणीवर तिनं बांबूचा देवमासा केला. भरती आली आणि मासा निघून गेला. शपथेवर सांगतो, शेपटी हलवत गेला. हिमाचलात बर्फाचं जातं केलं. पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि उद्घाटन डबक्याचं झालं. एका शहरातला भंगाराचा घोडा अतिक्रमणवाल्यांनी उचलला. उभा जन्म कामात गेला, आणि दाखवायला नुसते फोटो.

इथं द्वारकाबाईंनी धुरा दिला, वर्षाचं सरपण दिलं, ते एका बोलीवर. वावटळीला बघून रोही (नीलगाई) पळाले पाहिजेत. नाही पळाले तर पऱ्हाटी परत चुलीकडे.

संध्याकाळी जेवायला भाकरी, सोल्याची (हिरव्या हरभऱ्याच्या दाण्यांची) भाजी आणि ठेचा. पहिल्या घासाला मला वारलेले आजोबा दिसले. दुसऱ्या घासाला तेही पाणी मागायला लागले.

“काहून रडून राह्यले भाऊ?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“वावटळ बघून भरून आलं.”

“ते तं बाहेर हाय. हा ठेचा हाय.”

मी हसलो. सुलभा हसली नाही. “एकदा तरी,” ती भाकरी मोडत म्हणाली, “मी निघून गेल्यावर माझं काम जागेवर राहावं रे.”

उजाडता उजाडता कळप आला. पुढचा रोही हत्तीएवढा होता. बरं, हत्तीच्या धाकट्या भावाएवढा. द्वारकाबाईंनी गोफणीत दगड भरला. सुलभानं माझा दंड असा धरला की बोटं अजून मोजता येतील. रोह्यानं वावटळीकडे मान वर करून पाहिलं. पळाला नाही. जवळ गेला, पाठ टेकवली आणि डोळे मिटून खसाखसा खाजवायला लागला! मागे बाकीचे रेशनच्या दुकानापुढे असावेत तसे रांगेत. वावटळ करकरली, कलली. सुलभानं डोळे मिटले ते मिटलेच.

सगळ्यांची खाज भागली आणि कळप धुऱ्याधुऱ्यानं निघून गेला. हरभऱ्याचा एक घाटा हलला नाही. (शेजारच्या तुरीचं काय झालं, ते शेजाऱ्याला विचारा.)

“पळाले नाहीत,” सुलभा पडक्या आवाजात म्हणाली. “बोली म्हणजे बोली.”

“खाल्लं का?” द्वारकाबाईंनी गोफण कमरेला खोचली. “मंग? सोंगणीलोक (कापणीपर्यंत) राहू दे.”

सुलभा कललेला भाग सरळ करायला धावली, तशी बाई पुन्हा गरजल्या, “हात नोको लावू! त्यायच्या पाठीले बरोबर बसलं हाय ते!”

परतीच्या बसमध्ये सुलभा खिडकीतून मागे बघत राहिली, पार वाशीम येईपर्यंत. मी प्रवासातून नेहमी काहीतरी मोठं ज्ञान घेऊन परततो आणि चार जणांना ऐकवतो. यंदा माझ्याकडे ऐकवण्यासारखं एवढंच होतं, की एका कलाकृतीपुढे रांग लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली.

सोंगणी उरकली असेल अशा बेतानं द्वारकाबाईंना फोन करायचा होता, पण सुलभाला धीर होईना, म्हणून मी केला. ती माझ्या कानाला कान लावून बसली. मी वाऱ्याचं विचारलं, रोह्यांचं विचारलं, आढेवेढे घेत घेत चुलीपाशी आलो. “हरभरा घरात आला, आता राखण नाही. तेव्हा द्वारकाबाई, ती आपली वावटळ...?”

“उभी हाय,” त्या म्हणाल्या.