एका बाजूचा भुसा

कातारी जगाकडे बघायचा तोच मुळी नाक मुरडून. लेथवर लाकूड कातण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे खरं. पण ते त्याने कोणाला विसरू दिलं असेल तर शपथ. भोक पाडायचा बिट बाजारातून तयार आणणारा बावळट, आणि धार लावल्यावर ती मापाने तपासणारा त्याहून बावळट. मेहुणा दोन्ही करायचा.

त्या दिवशी मेहुणा सासूबाईंच्या पलंगाचा पाय घेऊन आला. बाकीचा पलंग वाळवीने खाल्ला होता, आईची म्हणून तेवढीच वस्तू उरली होती. काताऱ्याच्या बायकोला त्याचा दिवा करून हवा होता. म्हणजे वायर जायला मधोमध आरपार भोक. मेहुण्याने सोबत एक लांब बिटही आणला होता, कोराकरकरीत.

"दुकानदाराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं," कातारी म्हणाला आणि आपलाच जुना बिट त्याने धारेसाठी ग्राइंडरला लावला. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या लागतात, नाहीतर बिट लाकडात वाकडा पळतो. हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? पण मेहुण्यासमोर माप काढायचं म्हणजे नाक कापून घेणंच. त्याने नुसता अंगठा फिरवून पाहिला आणि पाय लेथवर चढवला.

बिट जरा आत गेला तोच मेहुणा चाचरत म्हणाला, "भाऊजी, भुसा एकाच बाजूने निघतोय."

काताऱ्याने ते त्याच्या आधीच पाहिलं होतं. एकच धार कापत होती. थांबून बिट पुन्हा घासायचा, एवढंच काम. पण थांबलं तर या दीडशहाण्याचं खरं ठरणार.

"तू चहा पी," तो म्हणाला आणि बिट आत सरकवणारं चाक फिरवत राहिला.

बिटाचं टोक पायाच्या कुशीतून बाहेर आलं.

आवाज ऐकून बायको धावत आली. "लाकूडच पोकळ निघालं," काताऱ्याने ठोकून दिलं.

तिने पाय हातात घेतला, फुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "आई जन्मभर यावर झोपली," ती म्हणाली. "तिच्याखाली कधी पोकळ नाही निघालं. तुमच्या हातात आल्यावर निघालं होय?"

काताऱ्याने बिट काढून पुसायला घेतला. तेव्हा मेहुणाच हळूच म्हणाला, "असतं गं ताई. जुन्या लाकडात होतं असं."

मेहुणा साफ चुकीचं बोलत होता. काताऱ्याने त्याची चूक काढली नाही.